ब

मिरचीच्या ढिगापाशी उभा राहून
बावीस वर्षं मी बोली पुकारली कळमन्यात.
पाच हजार पाच, पाच हजार दहा —
ठसक्यातही आवाज फाटला नाही.
गालात खर्रा असायचा, तेवढं सोडा.
तेवढंच सुटलं नाही.

मेडिकलला वरचा जबडा काढला, डावीकडचा.
जीभ वर नेली तं टाळूच्या जागी
नाकापर्यंत मोकळं आंगण.
चहा नाकातून आला.
तर्री-पोह्याची हिंमत एकदाच केली.

अन् ब गेला. प गेला.
ओठ मिटून हवा अडवावी
तं ती वरच्या वाटेनं पसार.
जे म्हणू ते म होऊन निघे :
बाबाचा मामा, पाण्याचं माणी,
पार्बतेची मार्मता.
सात महिने तिनं त्या नावाला ओ दिली.

डेंटलला ढोमणे मॅडमनं
थंड गुलाबी लगदा तोंडात दाबला.
नाकानं श्वास घ्या काका.
कुठलं नाक मॅडम, एकच खोली झाली सारी.
मग मेण. थोडं लावायचं, बसवायचं,
मान डावीकडे, मान उजवीकडे, गिळा,
काढायचं, पुन्हा मेण.
बाकावर एक पोरगी असायची,
कोरोनानंतरच्या बुरशीनं जबडा नेलेली,
ओढणी डोळ्यांपर्यंत.
आम्ही कधी बोललो नाही.
बोलणार काय, दोघंही म मध्ये.

लॅबमधून तयार होऊन आला :
चार दात, पाठीवर गुलाबी गोळा.
मी तळहातावर तोलला, सवय.
तीस ग्रॅमच्या आत.
आतून पोकळ ठेवलाय, मॅडम म्हणाल्या,
जड झाला तर लोंबेल.
भोक बुजत नाही यानं. झाकण मिळतं फक्त.

म्हणा, ब.
ओठ मिटले. हवा आली,
वर गेली, वाट बंद,
माघारी फिरली —
ब.
बावीस. बावीसशे. पाच हजार पाच!
हळू काका, बाजूला पेशंट आहे.

घरी दारातूनच हाक दिली : पार्बता!
ती मेथी निवडत होती. वर पाहिलं नाही.
पार्बता!
शेजारी कोणाकडे पाहुणा आला
असं वाटलं म्हणे तिला.

रात्री तो धुऊन वाटीभर पाण्यात ठेवतो.
दात चौघंही माझ्याकडे बघत राहतात.
लाइट बंद करून
उघड्या टाळूनं म्हणतो, मार्मता.
ओ, ती म्हणते.