धुऱ्यावर

इरावतीच्या मुखाशी कुठलंसं गाव त्याचं.
नाव सांगितलं होतं, माझ्या जिभेला वळलं नाही.
वय तेवीस. उंची आमच्या प्रज्योतएवढी.
विहाराची किल्ली समितीनं माझ्याकडे ठेवलेली,
म्हणून झाडू, माठ आणि हा परदेशी भिक्खू
तिन्ही माझ्याच गळ्यात.

पहिल्या दिवशी भिक्षेला निघाला
तर सुगंधाबाईनं पात्रात दहाची नोट टाकली.
पैसा चालत नाही, एवढं वाक्य
त्याला अजून यायचं होतं.
तो नोटेकडे बघत राहिला, विंचू पडल्यासारखा.
दुसऱ्या घरी कच्चे तांदूळ.
तिसऱ्या घरी कुत्रं.
मग मीच गल्लीभर ओरडत फिरले,
शिजवलेलं टाका जी बाई, बाराच्या आंधी टाका,
बारानंतर तो पाण्यावर राहते.

पहाटे चारला आमच्या गावात दोघंच उठतात,
तो, आणि मोहाच्या दिवसांत पुस्तकला.
अंधारात टोपली घेऊन जाताना
तिला त्याचा आवाज ऐकू येतो.
सरणंचं थरणं करतो तो.
पोरं हसतात.
देवाजी खोब्रागडे म्हणतात, हसू नका रे,
इथून जाताना स होता,
दोन हजार वर्षं फिरून आला,
एवढी झीज होणारच.

रविवारी ध्यान शिकवतो.
बाया डोळे मिटतात आणि झोपतात.
आठवड्याचं जागरण असतं ते,
तो कुणाला उठवत नाही.
एकदा शांताराच्या सुनेनं असं घोरलं
की त्यानं वही काढून मला शब्द विचारला.
घोरणे. खाली लिहिलं काहीतरी,
त्याच्या त्या गोल गोल अक्षरांत,
धानाच्या पोत्यातून सांडल्यासारख्या.

लोक काय काय मागतात त्याच्याकडे!
बाळाचं नाव काढा. पंपाला धागा बांधा.
दहावीचं इंग्रजी तेवढं बघा जी.
तालुक्याहून आलेल्या एका साहेबानं
खुर्चीत मागे रेलून विचारलं, आडनाव काय तुमचं?
आमच्याकडे आडनाव नसतं, तो म्हणाला.
कोणाचंच?
कोणाचंच नाही.
साहेबाचा चहा थंड झाला.
देवाजी तीन दिवस ते वाक्य
घरोघर सांगत हिंडले.

मला उपासिका म्हणतो.
माय म्हण, म्हटलं तर कानापर्यंत लाल.

फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर,
सांडव्याजवळच्या मोठ्या दगडावर चढलं तर.
शनिवारी तिथं उभा राहून आईशी बोलायचा.
गेले दोन महिने फोन कानाला लावतो
आणि काही न बोलता उतरतो.
मी विचारत नाही.
त्या दिवशी वरणात तूप जास्त टाकते, बस.

रोवण्याला लागलो आम्ही.
बांधीत गुडघाभर चिखल, पाठीचं धनुष्य,
हातात पऱ्ह्यांची पेंडी.
तो विहारातून आला आणि धुऱ्यावर थांबला.
माती खणायची नाही, रोप उपटायचं नाही,
त्याचे नियम मला आता पाठ आहेत.
चीवर सावरून नुसता उभा.
पण उजवा हात चीवराबाहेर राहिला होता,
आणि अंगठा न् दोन बोटं
हवेत काहीतरी खोचत होती,
एक, मग वीतभर सोडून दुसरं,
मग तिसरं.

मी वर बघितलं.
रोवता येते का जी?

त्यानं हात आत घेतला.
येत होतं, म्हणाला.

सहा महिने झाले मी त्याला
भूतकाळ शिकवते आहे,
कालची भाकर खातो म्हणायचा,
काल आला म्हणायचं तर येतो म्हणायचा.
आज चूक झाली नाही.

बारा वाजायला आले होते.
जेवून घ्या, म्हटलं, वेळ जाईल.
तो गेला.
मी मागे वळून माझी ओळ बघितली,
नागमोडी, सगळी डावीकडे झुकलेली.
उपटली चार रोपं.
परत लावली.