घड्याळाची खोबण

हिवाळ्यात आमच्या संग्रहालयात
मंगळवारी चार माणसं येतात. कधी तीन.
समुद्रावरून बर्फ आडवा येतो
आणि आवारातल्या मालडब्यांना
न विचारता पांढरा रंग देऊन जातो.
मी तिकिटं फाडते, हीटर लावते,
इंजिन फिरवायच्या चकतीवरचा बर्फ मिठाने उतरवते.
इंजिनं आत असतात. अकरा.
काळी, तेल लावलेली, पोटात विस्तव नसलेली.

ओनोदेरा-सान नवाच्या ठोक्याला येतात.
वय एक्क्याऐंशी, एकेकाळचे फायरमन.
पगार नाही. डब्यात भात, मध्यभागी एक खारवलेला आलुबुखार.
पितळ पुसतात ते फडकं घरचं,
बायकोच्या जुन्या युकाताचं;
त्यावर अजून अर्धा बगळा आहे.

संध्याकाळी दारं लावण्याआधी
एकेका इंजिनासमोर उभे राहतात,
उजवं बोट ताठ करून पुढे रोखतात
आणि खणखणीत म्हणतात : "सिग्नल मोकळा!"
पुढे भिंत आहे,
भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं.
पहिल्या वर्षी मी हसले.
दुसऱ्या वर्षी घरी गॅस बंद करताना
माझंच बोट वर गेलं.

मग ते यंत्र आलं :
खोटी भट्टी, दिव्यांचा जाळ, फावडं मात्र खरं.
कोळसा कसा टाकायचा ते मुलांना कळावं म्हणून.
साहेबांनी फोटोवाला बोलावला, ओनोदेरांना पुढे केलं.
त्यांनी कोट काढला, घडी घातली,
पाय रोवले, कमरेतून वळले,
दोन मिनिटांत चोवीस फावडी.
पडद्यावर आलं : शंभरात एकतीस. पुन्हा प्रयत्न करा.
हात दाखवून अवलक्षण!
साहेब स्वतःचे बूट बघू लागले.
ओनोदेरा मात्र वाकून
भट्टीत डोकावत होते.
"हिला मधे भूक लागते," म्हणाले.
"आमचीला डाव्या कोपऱ्यात.
तिकडची जाळी वाकली होती ना.
घाटात डावा कोपरा उपाशी राहिला की रडायची.
मी अजून तिलाच वाढतोय."

ती इथे नाही. ती भंगारात गेली,
वजनावर.
इथे आहे ती तिची धाकटी,
त्याच कारखान्यातली, सात नंबरांनी पुढची,
जाळी सरळ.
ओनोदेरा तिला पुसतात, पण नावाने हाक मारत नाहीत.

तिच्या ड्रायव्हरच्या पुढ्यात एक गोल खोबण आहे,
खिशातलं घड्याळ ठेवायची.
रिकामी. घड्याळं माणसांबरोबर घरी गेली.
गेल्या मंगळवारी एक मुलगी वर चढली,
आई खाली फोनवर.
खोबणीत बोट फिरवत तिने विचारलं,
"इथलं काय हरवलं?"
मी सांगितलं.
तिने खिशातून एक छोटं संत्रं काढलं
आणि बसवलं.
नेमकं बसलं.
मग आईने हाक मारली, मुलगी गेली,
संत्रं राहिलं.

प्रदर्शनातल्या वस्तूंवर खाद्यपदार्थ ठेवू नयेत.
पाटी माझ्याच अक्षरात आहे.
शिडीवर एक पाय ठेवून मी उभी होते,
तेवढ्यात ओनोदेरा वर आले, फडकं खांद्यावर.
डावीकडे, फायरमनच्या जागी बसले.
संत्र्याकडे बघत राहिले,
घड्याळाकडे बघावं तसं,
डोळे बारीक करून.
बाहेर बर्फ पडत होता, आत हीटरची टिकटिक.
मग त्यांचं बोट वर गेलं.

"दोन मिनिटं उशीर," ते मोठ्याने म्हणाले,
उजवीकडच्या रिकाम्या बाकाला.
आणि जरा थांबून, हळू,
"असू दे, कासाई-सान.
घाटात भरून काढू."

मी शिडीवरून पाय काढला.

संत्रं शुक्रवारी उचललं,
साल सुकली होती.
तेलाच्या वासात त्याचा वास
अजून थोडा येतो,
डाव्या बाजूने जास्त.