पीळ

यंत्राच्या दोन जबड्यांत वाखाची जुडी.
नमुना क्रमांक एकसष्ट.
छबीलभाई दार लावून घेतात,
बाहेर रिक्षा ओरडली तरी आमच्या मायक्रोफोनला वाटतं
काहीतरी तुटलं.

मग दोघं गप्प. ऐकतो.
कट्.
बराच वेळ काही नाही.
कट्. कट्.
तेलात मोहरीचा पहिला दाणा तडतडावा, मग दुसरा,
आणि हात आपोआप झाकणाकडे जावा, तसं.

एक तंतू तुटला म्हणजे त्याचा भार नाहीसा होत नाही.
हे मला समीकरण मांडण्याआधीपासून माहीत आहे.
दांडिया बाजारामागच्या आखाड्यात
दोरीच्या मल्लखांबावर मी नऊ वर्षं होते,
अंगठ्यात दोर, कमरेला वेढा, डोकं खाली,
आणि खालून नारूकाका,
"तू दोराला धरू नकोस गं, दोराला तुला धरू दे."
एकोणिसाव्या वर्षी उडी घेताना टाचेवरची धोंडशीर गेली.
आवाज आला. एकच.
वाटलं, मागून कुणी काठी मारली.
वळून पाहिलं तर फक्त लाल माती.

फणसेबाई म्हणतात, एकच आवाज कधी नसतो.
आधीचे बारीक असतात, ऐकणारं कुणी नसतं.
खाटकाकडून आणलेल्या बकरीच्या कंडरेचा काप
त्यांनी मला भिंगाखाली दाखवला:
तंतू नागमोडी,
पेटीत घडी राहिलेल्या साडीसारखे चुणीचुणीचे.
ओढलं की आधी चुण्या जातात,
मग कुठे ते भार घ्यायला लागतात,
एकेक जण, थोडा मागेपुढे.
त्या मागेपुढे असण्यावर
आपण जिने चढतो.

हिवाळ्यात मी एक हुशारी केली.
तंतू पारखून सगळे सारखे निवडले,
सारखी जाडी, सारखी ताकद, एकही कच्चा नाही.
आलेख सरळ वर चढला
आणि धाडकन शून्यावर.
मध्ये एक कट् नाही.
छबीलभाईंच्या हातातला चहा तसाच.
"आ तो कह्या वगर गयुं, बेन."
न सांगता.
त्या दिवशीच्या वहीत मी तेवढंच लिहिलं.

कपाटात एक जुनी नळी आहे,
इस्पितळाने मोडीत काढलेली,
आत दहा हजार काचतंतू.
कधीकाळी डॉक्टर तिच्यातून लोकांची जठरं बघत.
मी एक टोक खिडकीबाहेर सोडते
आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंब येतो, ठिपक्याठिपक्यांनी.
सव्वीस ठिपके काळे. मोजलेत.
मोडलेल्या काचेचा उजेड
शेजारची काच उचलत नाही.
भार वाटून घेता येतो, बघणं नाही.
तिथे ज्याने त्याने आपली जागा राखायची,
या टोकाला डावा तो त्या टोकालाही डावा,
नाहीतर उजेड पोचतो,
झाड पोचत नाही.

आज एकसष्टला मी पीळ दिलाय.
इंचाला चार.
कट्. कट्. कट्.
आणि काटा खाली येत नाही.
तुटलेला तंतू तुटल्या जागी सुटतो खरा,
पण दोन बोटं पुढे
शेजारी त्याला असा आवळतात
की तो पुन्हा ओढायला लागतो,
आपण तुटलोय हे विसरून
किंवा न विसरता.
सुंभ जळतो, पीळ जात नाही,
हे मी आजवर टोमणा म्हणूनच ऐकलं,
बहुतेक वेळा माझ्याचबद्दल.

टाच ठणकतेय,
शिवलेल्या जागी नाही, थोडी वर.
नारूकाकांना सांगितलं तर म्हणतील, पाऊस येणार.
हवा तर कोरडी आहे, विश्वामित्रीत मगरी
काठावर उन्हं घेत पडल्यात.

एकशे बेचाळीस, छबीलभाई वाचतात.
मी लिहिते.
कट्.
एकशे त्रेचाळीस.

दार अजून उघडू नका.