हो किंवा नाही

सेलायार बेटावर सिग्नल मिळतो तो धक्क्याच्या टोकाशी,
मासळीच्या रिकाम्या टोपल्यांपाशी.
तिथे मी रोज संध्याकाळी वर्ग घेऊन बसते,
म्हणजे फोन घेऊन. सत्तावीस मुलं त्यात.

काल पठणाची परीक्षा होती.
रोअदाने पाठवलेल्या आवाजात
ऐन हे अक्षर कंठातून आलं की नुसतंच जिभेवरून,
चारदा ऐकलं, कान फोनला चिकटवून.
मध्येच कोंबडा आरवला
आणि जिथे थांबायचं तिथे नेमका थांबला.
रोअदा थांबली नव्हती.

तेन्रीला पाठ होतं म्हणे,
पण तिचे डोळे उजवीकडून डावीकडे सरकत होते,
फोनच्या मागच्या भिंतीवर.
ज्यांना खरंच पाठ असतं ती मुलं छताकडे बघतात,
जणू पुढची आयत वाशाला टांगलेली आहे.
मी काही बोलले नाही. गुणही कापले नाहीत.
का, ते मला विचारू नका.

मग आचरणाचा तक्ता. वरून आलेला.
पाच वेळची नमाज? आईला मदत? खरं बोललात?
हो किंवा नाही.
सव्वीस जणांचं सगळं हो.
हो हो हो हो,
जमातीला उभे राहिल्यासारखे, खांद्याला खांदा लावून.

बासोचं एक नाही.
मंगळवार, पहाटेची नमाज.
कारणाला रकाना नव्हता,
म्हणून रात्री वेगळा निरोप आला:
बाई, बाबांबरोबर होडीत होतो, जाळं खडकात अडकलं,
आठवलं तेव्हा उजाडलं होतं.

यंत्राने बेरीज केली.
सव्वीस जण पैकीच्या पैकी, बासो एकाने मागे.
मी ती बेरीज बोटांवरही करून पाहिली.
चूक नाही कुठे.

आता मलाही एक तक्ता भरायचाय:
मूल्यमापन योग्य रीतीने झालं?
हो किंवा नाही.
बॅटरी चार टक्के. मगरिबला थोडाच वेळ.
खाली बासोच्या बापाची होडी सुटायच्या बेतात,
पोरगा दोर सोडतोय,
मला बघून घाईघाईने सदऱ्याची बटणं लावतो.

मी वरूनच ओरडते, निघालं का रे जाळं?

अर्धं, बाई,
तो म्हणतो,
अर्धं तिथेच आहे.