उरेल बाकी

रात्री नऊ वाजून चौदा मिनिटांनी
सातवी ‘ब’चे फॉर्म धडाधड भरून आले.
तेवीस मुलं. एकवीस जणांना दहापैकी दहा.
सातव्या प्रश्नाला एकवीसही जणांनी
‘लघुकोन’चा ‘लघूकण’ केलेला.
एवढ्याशा कणाने अख्खा वर्ग पकडून दिला.

मी गुण कापले नाहीत.
कापायचे कुणाचे?
ग्रुपवर उत्तरं टाकणाऱ्या हर्षल फेगडेचे,
की माझे,
इतक्या सहज फॉरवर्ड होतील असे प्रश्न काढणारीचे?

उरलेल्या दोघांत अफरोज तडवी, दहापैकी चार.
चारही तिचे स्वतःचे.
आणि रेमसिंग बारेला. त्याचा फॉर्म आलाच नाही.
पावणेअकराला आली आवाजाची एक फाईल:
ट्रॅक्टर, कुत्रं, कुणाचा तरी खोकला,
फोन मुकादमाचा, “आटप रे” असं दोनदा,
आणि या सगळ्याच्या मधून तो,
“बाई, काटकोन म्हणजे जमिनीवर भीत उभी राहते तसा.
पण आमची भीत वाकडी हाय.
मंग तो कोणता कोन?”

तक्त्यात आवाजाला रकाना नव्हता.
मी शून्य भरलं.
केंद्रावर आकडा गेला: त्र्याण्णव टक्के.
छान, म्हणाले साहेब.
सात कुठे गेले ते कुणी विचारलं नाही.

सकाळी सावद्याच्या स्टेशनाकडे
केळीचे ट्रक चालले होते एकामागे एक,
खिडकीतून त्यांची धूळ वर्गात येत होती.
फळा कोराच ठेवला.
विचारलं, अफरोज, तुझे अब्बा घड कापायला जातात ना,
तयार झालाय हे त्यांना कसं कळतं?

ती उठली. ओढणी सावरली.
हवेतल्या हवेत एका केळावरून बोट फिरवलं,
“केळाले धारा असता बाई.
कवळं असलं का बोटाले लागता.
भरत आलं का धारा मोडता, गोल होतं.
रोज हात लावून पाहा लागते.”
बसता बसता म्हणाली,
“कापून पाहेल घड परत झाडाले लागत नाही.”

वर्ग हसला. मी नाही हसले.
अठरा वर्षं.
घटक चाचणी, सत्र, संकलित,
लाल शाईचा विळा घेऊन
किती कवळे घड मी खाली उतरवलेत,
आणि वर वजन लिहिलंय त्यांचं.

आता घंटेआधी पाच मिनिटं
पाठकोऱ्या कागदाचे तुकडे वाटते.
नाव नको. आज काय कळलं नाही, तेवढंच.
दाराशी वेफर्सचा रिकामा डबा.
पहिल्या दिवशी बहुतेक चिठ्ठ्यांवर: ‘सर्व कळले.’
(याच चिठ्ठ्यांनी रात्री झोप लागली नाही.)
एकावर नुसतं केळ काढलेलं, धारांसकट.
एकावर, ‘तुम्ही शिकवता तवा नाही कळत,
रेमसिंग सांगतो तवा कळतं.’
आणि तळाला, चार घड्या घातलेली,
‘भागाकार येतो बाई. पण उरेल बाकी कुठी जाते?’

अक्षर ओळखलं.
नाव नको म्हटलं तरी ओळखू येतंच.
फेगडे. दहापैकी दहा.

बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसले.
बाकी खाली लिहायची, मग तिच्याखाली रेघ मारायची,
एवढंच मला येत होतं.

उद्या तेवीस केळी नेणार आहे.
पाच-पाच जणांचे गट करू, मोजू, वाटू.
तीन उरतील.
ती हर्षलच्या हातात देईन
आणि मागे जाऊन बसेन,
रेमसिंगच्या बाकावर,
पेन न घेता.