तेरा, अठरा

टीव्हीवर निळा पडदा. सिग्नल नाही.
सगळ्यांनी आधी आभाळाला दोष दिला.
समोरचे मिश्राजी म्हणाले, माकडं.
रविवारी वीस-पंचवीस होती तुमच्या छतावर,
थाळी फिरवली असणार.

मी पाना घेऊन वर गेलो. मे महिना,
जीवाजीगंजातली गच्ची, पाय ठरेना.
मागे किल्ला भाजत पडलेला
आणि थाळी त्याच्याकडे पाठ करून
आग्नेयेला बघत, बसवली तशीच.
बोल्टावरचा गंजसुद्धा मोडला नव्हता.

खाली आलो तर भालूदादाच्या पाटीवर:
वर कशाला गेलास?

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता.
घशाच्या ऑपरेशननंतर सगळं पाटीवर,
आणि बोलायचा त्याहून तुसडं.
मी बघेपर्यंत खडू टकटक वाजवतो.

केबल काढ. मग मोज.

डब्यामागच्या भोकात लाल टोक धरलं,
काळं बाहेरच्या आट्यांवर.
शून्य पूर्णांक शून्य दोन.
मेनूत जाऊन पाहिलं, पॉवर चालू होती.
परत मोजलं. परत तेच.

मला आजवर वाटायचं, डबा फक्त घेतो,
वरून पडेल ते झेलतो.
दादाने लिहिलं: तेरा व्होल्ट द्यावे लागतात वर,
नाहीतर अठरा. मगच वरचं बोलतं.
पुसलं.
फ्री म्हणे.

चार स्क्रू. आत एक वाळलेलं झुरळ.
जिथे घरची वीज शिरते तिथे दादाने
सरळ पट्टीवर खडूची रेघ ओढली: इकडे हात नाही.
पाच व्होल्ट होते. तीन पूर्णांक तीन होते.
बावीस एका रेझिस्टरपर्यंत नीट चालत आले
आणि पलीकडे उतरलेच नाहीत.
तांदळाएवढा तो, कमरेला काळा पट्टा,
वास अजून होता.

दौलतगंजात इकरामने दोन दिले.
एक तर जळेलच, म्हणाला,
पहिला का जळला ते कळेपर्यंत.

म्हणून केबल.
मीटर जिथे गप्प बसायला हवा तिथे
पीं करून ओरडला.
वरचं टोक सोडून पाहिलं, तरी ओरडतच.
खालचं कनेक्टर उघडलं:
जाळीतली एक तार, केसाहून बारीक,
वळून मधल्या तांब्याला टेकलेली.
एवढीशी. नखाने काढली
आणि दादाला न दाखवता खिशात टाकली.

डाग दिला. जोडलं. चालू केलं.
सातच्या मराठी बातम्या संपून गेल्या होत्या.
कोकण किनारपट्टीचं हवामान सांगत होते,
समुद्र खवळलेला राहील, होड्या नेऊ नयेत.
आम्ही दोघं ग्वाल्हेरात बसून
लक्ष देऊन ऐकत होतो.

मग टकटक.
दिवाळीत सुरीने सोललीस ना केबल?

मी काही बोललो नाही.
त्याने पाटी पालथी ठेवली, मीटरकडे बोट केलं,
म्हणजे लाव.
तेरा पूर्णांक चार.
रिमोट घेऊन चॅनल बदललं. अठरा.
परत बदललं. तेरा.
हवामान, भजन, हवामान, भजन.
चित्राकडे तो बघतच नव्हता.