वीतभर नळी

रेवणसिद्धनं जीप ढकलतच आणली.
तीन सिलिंडर ओढत होते, चौथा नुसता फुसफुसायचा.
जुनं इंजिन, स्वतः ठोकून बसवलेली बॉडी,
आणि बॉनेटच्या कुशीतून काढलेल्या
चार उघड्या नळ्या. वीतभर.
"आवाजच पाहिजे होता बे मला," तो म्हणाला.

नान्नांनी हेड उतरवलं.
चादरींच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला मी आठ भोकं पाडली,
व्हॉल्व्ह ओळीनं रोवले.
शेवटच्याच्या कडेला करपट खाच,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.

"नळी आखूड," नान्ना म्हणाले.
"इंजिन श्वास सोडतंय, तो पळत टोकाला जातोय.
पुढं उघडं आभाळ दिसलं की दचकतोय
आणि उलटा फिरतोय.
नळी लांब असली तर येईपर्यंत दार मिटतं.
वीतभर असली तर दार उघडंच,
तापून लाल झालेल्या लोखंडाला गार हवेची चापट.
बावीस वर्षं माग लावले मी. धोटा परत येतोच बे.
लांब पाठवला तर उशिरा, एवढंच."

रेवणसिद्धनं मान डोलावली,
राजेशम मिस्त्रींचा शब्द अक्कलकोट रोडवर कोण मोडणार?
मी खाली बघून पेस्ट लावत होतो.
दोन तळव्यांत काठी, रवीसारखी,
चर्र, चर्र,
मग आवाज मऊ पडतो. म्हणजे बसला.

मला माहीत होतं.
अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी
याच जीपचे टॅपेट मी लावले होते.
पत्रा तापून वाजत होता, मित्र बाहेर हॉर्न मारत होते,
गेज न घेताच, बोटाच्या अंदाजानं,
टकटक येऊ नये म्हणून जरा घट्टच.
त्याला आवाज हवा होता. मला नको होता.

घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.
आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह निवतो तो टेकल्यावरच,
अंगातली धग शेजारच्या लोखंडाला देऊन.
मी त्याला टेकूच दिलं नव्हतं.

नळीचंही खरं असेल. थोडं नळीचं, थोडं माझं,
आयटीआयच्या सरांना विचारलं तर ते तिसरंच सांगतील.
पण हेड उतरवायच्या आधी
नान्नांनी त्या टॅपेटखाली पातं सरकवून पाहिलं होतं.
गेलं नाही.
त्याहून बारीक. तेही नाही.
मग पाती मिटून खिशात टाकली,
माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी पोर्टात रॉकेल ओतून बसलो.
खाली एक थेंब आला नाही.
"पाइप दीड हात वाढव," नान्ना म्हणाले,
"आणि मजुरी अर्धीच दे."
"का हो?"
"तुझ्या नळीची दया आली बे."

सकाळी माझ्या हत्यारांच्या डब्यात गेज होतं,
तेल लावून पुसलेलं,
बारा थाउचं पातं तेवढं बाहेर काढून ठेवलेलं.